जागेवरून हलायचं नाही

सप्टेंबर आला म्हणून टेक्सासातल्या प्लेनोत ऊन काही कमी होत नाही. गाडीचं स्टिअरिंग अजून हाताला चटका देतं, अंगणातलं गवत पिवळं पडलेलं असतं, आणि संध्याकाळचे सात वाजले तरी बाहेर पाऊल टाकवत नाही. तरीही ऋतू बदललाय हे कळतं. गाड्यांच्या खिडक्यांवर छोटे झेंडे फडफडायला लागतात. किराणा दुकानात शिरल्या शिरल्या चिप्सच्या पिशव्यांचे ढीग लागतात. शेजारचा म्हातारा गॅरेजमधून कोळशाची शेगडी बाहेर ओढतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडून बँडचे ढोल ऐकू येतात. फुटबॉल आला, असं मी मनाशी म्हणतो. या वर्षीही म्हटलं. पण या वर्षी वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

फुटबॉल म्हणजे इथला. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या, आणि लांबोडका चेंडू बगलेत दाबून धावणारी आडदांड माणसं. उरलेलं जग ज्याला फुटबॉल म्हणतं त्याला इथं सॉकर म्हणतात, आणि सॉकर मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी मूळचा कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या माणसानं असं काही म्हटलं की गावाकडचे लोक, मी मटण सोडल्याचं सांगितल्यासारखे माझ्याकडे बघतात.

माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. नव्वद मिनिटं बावीस माणसं ऊर फुटेस्तोवर पळतात आणि शेवटी फळ्यावर शून्य-शून्य. मग दोन्ही संघ टाळ्या वाजवत घरी जातात. बरोबरीत समाधान मानणाऱ्या माणसांशी माझं कधी जमलं नाही. कुणाचा नुसता धक्का लागला तरी खेळाडू गोळी लागल्यासारखा लोळतो आणि शिट्टी वाजली की टुणकन उठून पळायला लागतो. देवानं दोन हात दिलेत, ते वापरायचे नाहीत, हा मला शुद्ध आडमुठेपणा वाटतो. ऑफिसात कुणी सॉकरची बाजू घेतली की एवढं सगळं मी एका दमात म्हणून दाखवतो. पाठच झालंय. खरं कारण यातलं एकही नाही.

आमच्या संघाचं नाव मी इथं लिहीत नाही. हंगाम चालू असताना नाव घेतलं की तो हरतो, असा माझा जुना समज आहे. दर ऑगस्टला मला वाटतं, या वर्षी होणार. नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा कर्ता माणूस, आता तयार झालाय. बचाव भक्कम दिसतोय. ऑक्टोबरात दोन-तीन सामने असे जिंकतो की पुढच्या फेऱ्यांची गणितं मी ऑफिसच्या वहीत मांडायला लागतो. मग थँक्सगिव्हिंगच्या आसपास कुणाचा तरी गुडघा जातो, कुणाच्या तरी हातातून चेंडू निसटतो, आणि डिसेंबरात मी सगळ्यांना सांगत सुटतो की पुढच्या वर्षी बघा. मृणाल, माझी बायको, म्हणते, "तू एवढ्या होपनं माझ्याकडे कधी बघितलं नाहीस." तिला काय सांगणार? आशा लावून बसणं ही एक सवय असते, आणि मला ती उशिरा लागली.

लागली ती या देशात आल्यावर. दोन हजार एकमध्ये मी आलो तेव्हा पहिले काही महिने सोमवार मला फार लांबलचक वाटायचा. ऑफिसात सगळे कॉफीच्या मशीनपाशी उभे राहून कालच्या सामन्याबद्दल तावातावानं बोलायचे आणि मी कागदी कप हातात धरून हसरा चेहरा करून उभा. शेजारच्या क्यूबिकलमध्ये नागपूरचा देवेन होता, माझ्याआधी तीन वर्षं आलेला. तो एकदा म्हणाला, "यार, तू असा किती दिवस उभा राहणार बे? संडेला घरी ये. मी समजावतो." त्याच्या घरी जमिनीवर बसून मी हा खेळ शिकलो. दहा यार्ड पुढं जायला चार संधी मिळतात. दहा यार्ड पार झाले की नव्यानं चार. शंका आली तर दोन माणसं खरोखरची साखळी घेऊन मैदानात येतात आणि मोजतात. ते बघून मी खूश झालो होतो. या खेळात कुणी कुणाला अंदाजानं नापास करत नाही, असं मला वाटलं.

नापास होण्याचा विषय निघालाच आहे तर अण्णांबद्दल बोलायला हवं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका शाळेत पी.टी.चे सर, आणि तरुणपणी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघात पुढच्या फळीत खेळलेले. कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नव्हे, तालमी-तालमीचा आपापला फुटबॉल संघ असतो आणि सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ मैदानावर लोटते. आमच्या घरात रविवारला वेगळा वास होता. ओल्या चामड्याचा, घामाचा आणि पायाला चोळायच्या मलमाचा. आई न्हाणीत मोजे भिजत घालायची आणि पाण्याला तांबडी माती सुटायची. माझ्या जन्माच्या वेळी अण्णा मिरजेला सामना खेळत होते, हे मला नातेवाइकांनी इतक्या वेळा हसत हसत सांगितलंय की त्यात हसण्यासारखं काय आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

मी आठवीत असताना शाळेच्या संघाची निवड झाली. निवडणारे अण्णाच. मैदानावर आम्ही तीसेक मुलं ओळीनं उभी होतो, आणि त्यांच्या हातात कागद होता. सोळा नावं वाचायची होती. मी बोटं मिटून मोजत होतो. सोळावं नाव वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली, शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, "बाकीच्यांनी घरी जावा." आम्ही दोघं एकाच सायकलवरून घरी गेलो. ते पुढं, मी कॅरियरवर, माझ्या नाकासमोर त्यांची पाठ. घरी मी बाहेरच्या खोलीत असताना त्यांनी आईला सांगितलेलं ऐकलं, "अजून पायात बसलं न्हाई त्येच्या." त्यांचं बरोबर होतं. मला खेळता येत नव्हतं. पण तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर असलेल्या बापाचा काय उपयोग?

त्यानंतर मी त्या मैदानावर पाऊल टाकलं नाही. पुढचं वर्षभर दर रविवारी ते चपला घालता घालता विचारायचे, "येतोस का रं?" मी पुस्तकातून मान वर न काढता नाही म्हणायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं. आता माझी मुलगी ईरा दारात उभी राहून "बाबा, आर यू कमिंग?" म्हणते तेव्हा मी हातातलं काम टाकून उठतो. उठतो, कारण ती विचारणं कधी सोडेल ते सांगता येत नाही.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये आई आणि अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. ज्यांचे आईवडील येऊन गेलेत त्यांना हे सहा महिने माहीत आहेत. बॅगेतून निघालेलं लोणचं आणि चटण्या, हायवेवर जीव मुठीत धरून बसलेली आई, दुपारी दोन वाजता आपण ऑफिसात असताना खिडकीशी उभे राहिलेले वडील. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. अण्णा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "एवढी घरं हैत, माणसं कुठं ठेवल्यात?" मग सप्टेंबर आला आणि मी त्यांना रविवारी टीव्हीसमोर बसवलं.

"ह्यो फुटबॉल?" ते म्हणाले. "पाय कुठं लागतोय ह्यात? आणि सारखं थांबत्यात कशाला? दर मिनिटाला मीटिंग?"

मी समजावत गेलो. टीपॉयवर मिठाची बाटली, लिंबं आणि बदाम मांडून संघ केले. आयुष्यात पहिल्यांदा मी सर होतो आणि ते विद्यार्थी, आणि मला त्यात केवढी मजा येत होती ते आज कबूल करतो. आमच्या खेळात पुन्हा पुन्हा संधी मिळते, मी म्हणालो. चूक झाली तर थांबून, विचार करून, दुसरा बेत आखता येतो. तुमच्या खेळात ती सोय नाही. अण्णा लिंबं हातात घोळवत म्हणाले, "आमच्यात चुकलास तर चुकलास. बोंबलत बसायचं न्हाई, पळत सुटायचं." पण तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांना सगळं उमगलं होतं. एकदा ते एकदम म्हणाले, "त्यो डाव्या अंगाचा गडी बघ. पाय आधीच वळवून उभा हाय. तिकडंच जाणार." आणि चेंडू तिकडंच गेला. मी चार वर्षं बघत होतो तरी मला तो पाय दिसला नव्हता. थोडा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही.

शनिवारी ते ईराच्या सॉकरला जायचे. ती सहा वर्षांची होती. इथं उपनगरातलं प्रत्येक मूल शनिवारी सकाळी गुडघ्यापर्यंत मोजे ओढून त्या गवतावर उभं असतं. पंधरा मुलं एकाच चेंडूमागं घोळक्यानं धावतात, एखादी मध्येच बसून फुलं तोडते, आणि आया संत्र्याच्या फोडी वाटतात. गोल मोजत नाहीत, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. अण्णांना ते सहन होईना. ते मनात मोजायचे आणि घरी येऊन आईला गुपचूप सांगायचे, "पाच-दोन. आपण जिंकलो." दुपारी परसात ते ईराला चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं ढकलायला शिकवत. ती ओरडायची, "आजोबा, वॉच मी!" आणि ते म्हणायचे, "बघतोय की. मी दुसरं काय करतोय?" मी आतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे. बाहेर गेलो नाही. माझ्या मते मला सॉकर आवडत नव्हतं.

आता त्या जागेचं सांगतो.

हंगामाच्या दुसऱ्या सामन्यात आम्ही सपाटून मार खात होतो. अण्णा तोवर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर होते. पाठ दुखते म्हणून ते उठून सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात येऊन बसले, आणि त्याच मिनिटाला आमच्या गड्यानं प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच पकडून थेट मैदानाच्या टोकापर्यंत नेला. सामना आम्ही जिंकलो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. जोडी जमली की घरातलं कुणी जागचं हलत नाही. दारात उभा असलेला दारातच राहतो, आणि पाणी प्यायला उठलेल्या माणसामुळे विकेट पडली असं ठरलं तर त्याला आठवडाभर बोलणी खावी लागतात. मी पीएच.डी. झालेल्या माणसांना एका पायावर उभं राहिलेलं पाहिलंय. देवेनला मी फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "काकांना तिथून उठू देऊ नको. सीझनभर तीच सीट." आणि तसंच ठरलं.

पुढचे रविवार अण्णा डाव्या कोपऱ्यात. चहा तिथं, चिवडा तिथं. मध्येच उठायला लागले की मी ओरडायचो, "अण्णा, हलू नका!" आणि ते परत टेकायचे. एकदा लघवीला जायचं होतं म्हणून शेवटची दहा मिनिटं पाय आवळून बसले, आणि सामना संपल्यावर पळता पळता म्हणाले, "माझ्या बसण्यात एवढं बळ असतं, तर कोल्हापुरात हयातभर पळलो कशाला?" आम्ही सगळे हसलो. ते सगळ्यात जास्त हसले. आम्ही खरंच जिंकत होतो. सोमवारी ऑफिसात मी सांगायचो, माझे वडील आलेत, त्यांच्यामुळं जिंकतोय, आणि कॉफीच्या मशीनपाशी उभे असलेले लोक विचारायचे, "हाऊ इज युअर डॅड?" तो माझा या देशातला सगळ्यात सुखाचा ऋतू होता. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

दिवाळीच्या आधीचा रविवार. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ईराचा नाच होता, म्हणून मृणाल आणि आई तिला घेऊन तालमीला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघं. दुपारचं ऊन कार्पेटवर पडलं होतं, आणि फराळाच्या तळणीचा वास सकाळपासून घरात कोंडला होता. पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे पहिल्या पाव सामन्यात, आम्ही मागं पडलो. दुसऱ्यात गाडी रुळावर येऊ लागली. दहा यार्ड, पुन्हा दहा यार्ड. मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, पुढं झुकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसलो होतो.

"विनू," अण्णा म्हणाले.

"एक मिनिट, अण्णा. हलू नका."

ते हलले नाहीत.

मध्यंतरात देवेनचा फोन आला. "काका तिथंच आहेत ना?" मी म्हणालो, "तिथंच." स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, त्यांच्या उजव्या हाताशी टीपॉयवर कप ठेवला आणि म्हणालो, "घ्या." ते "हं" म्हणाले. म्हणाले असावेत. मी टीव्हीकडे बघत परत जागेवर जात होतो.

मला जो खेळ थांबतो म्हणून आवडतो, तो त्या दिवशी किती वेळा थांबला याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. साखळी आणून मोजायला थांबला. कुणाला दुखापत झाली म्हणून थांबला. जाहिरातींसाठी थांबला, पंच चर्चा करत उभे राहिले तेव्हा थांबला. तीन तासांत मान डावीकडं वळवायला मला पुरेपूर वेळ होता. त्या सगळ्या वेळात मी मघाचीच धाव पुन्हा पुन्हा बघत होतो.

शेवटच्या काही सेकंदांत आमच्या गड्यानं लांबून लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला आणि आम्ही जिंकलो. मी ओरडत उठलो, अण्णांकडं वळलो आणि टाळी घ्यायला हात पुढं केला. त्यांनी डावा हात पुढं केला. अण्णांचा सगळा व्यवहार उजव्या हाताचा. ते हसत होते, पण अर्ध्याच तोंडानं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. चहावर जाड साय धरली होती.

अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचा हात चोळत बसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या मिनिटांत कुठंतरी आत सामना जिंकल्याचा आनंद अजून शिल्लक होता. तो विझायला वेळ लागला.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं शांतपणे विचारलं, तुम्ही त्यांना शेवटचं व्यवस्थित केव्हा पाहिलं? तिनं समजावून सांगितलं की गुठळी विरघळवणारं औषध असतं, पण ते सुरुवातीच्या तीन तासांतच देता येतं, म्हणून वेळ माहीत असणं फार महत्त्वाचं. मी म्हणालो, मला माहीत नाही. तिनं विचारलं, तुम्ही घरी नव्हता का? मी म्हणालो, होतो. शेजारीच बसलो होतो. तिनं एकदा वर बघितलं आणि लिहून घेतलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी हाक मारली, हे मी तिला सांगितलं. तेव्हा ते ठीक होते का, असं तिनं विचारलं. मी पाहिलं नव्हतं. औषध दिलं नाही. तिची काहीच चूक नव्हती.

तासाभरानं आई आली. नऊवारी सावरत, पांढऱ्याफटक लांब कॉरिडॉरमधून जवळजवळ धावत. "कधी झालं रे?" तिनं विचारलं, आणि मी म्हणालो, "मॅच संपता संपता. मी लगेच फोन केला." मृणाल तिच्या मागंच होती. तिनंही ऐकलं. डॉक्टरणीला जे खरं सांगितलं ते आईला सांगता आलं नाही. वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग वाटलं, अण्णा जरा सावरले की सांगू. फेब्रुवारीत व्हीलचेअरवरून त्यांना विमानात बसवलं तेव्हाही सांगायचं राहिलं होतं. त्यांची उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं एकेका शब्दावर आलं, आणि त्या एका शब्दासाठीही कपाळावर घाम यायचा.

पुढं दर वेळी गावाकडं गेलो की मला तेच ऐकावं लागायचं. कुणी भेटायला आलं की आई अण्णांच्या अंगावरची शाल नीट करत सांगायची, "विनू शेजारीच बसला होता, म्हणून वाचले. नाहीतर काय झालं असतं!" पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायचे. अण्णा खुर्चीत बसून ऐकायचे. मी कपबश्या उचलून आत जायचो.

एका डिसेंबरात मी गेलो असताना त्यांचे जुने खेळाडू त्यांना न्यायला आले. आता तेही पन्नाशीला आलेले, पोटं सुटलेली. सामना होता. त्यांनी अण्णांना उचलून रिक्षात घातलं, आणि मी सोबत गेलो. पंचवीस वर्षांनी त्या मैदानावर गेलो. लाल माती, गर्दी, शिट्ट्या, कुणाच्या तरी आईबहिणीचा उद्धार. कडेला प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, पण अण्णा तिच्यात बसेनात. सगळे म्हणत होते, "सर, बसा की." ते डाव्या हातानं जाळी धरून उभेच राहिले, पाय थरथरत होता तरी, पूर्ण सामनाभर. मी त्यांच्या काखेत हात घालून उभा होतो. सामना शून्य-शून्य सुटला. खेळ मला तेव्हाही आवडला नाही, खोटं कशाला बोलू? पण चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की अण्णांचं सगळं अंग तिकडं झुकायचं, आणि ते वजन माझ्या हातावर यायचं. एवढ्या वर्षांत एकदा जरी "येतो" म्हणालो असतो तर, असं वाटून मला मैदानावर रडू आलं. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, आमची तालीम जिंकली नाही म्हणून.

या जूनमध्ये अण्णा गेले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं, आणि आईनं पुन्हा तेच सांगितलं, सगळ्यांसमोर. त्यांच्या एका जुन्या गोलकीपरनं माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "भाग्यवान आहात, सरांची सेवा घडली." मी मान हलवली. त्या क्षणी माझी मलाच किळस आली.

आता सप्टेंबर आहे. ईरा नऊ वर्षांची आहे आणि चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं ढकलते. शनिवारी मी कडेला उभा असतो. तिथं आता गोल मोजतात. रविवारी मी फुटबॉल लावतो, कारण तोही सोडला तर त्या ऋतूतलं माझ्याकडं काहीच उरणार नाही, पण जाहिरात लागली की उठतो आणि उगाच घरभर फिरून येतो. देवेननं त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच्यावर भार कशाला?

गेल्या रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी मी आईला फोन लावला. तिकडं रात्रीचं जेवण व्हायचं होतं. भांड्यांचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगून टाकलं. त्यांनी हाक मारली होती हे, मी हलू नका म्हणालो हे, आणि नंतर दोन तास बघितलं नाही हे. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की तिला ऐकू जातंय की नाही असं वाटलं.

भांड्यांचा आवाज थांबला.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"हेच. हाताला मुंग्या आल्यात असं वाटलं त्यांना. मनाशी म्हणाले, सामना झाला की हलवू."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. इकडं आलो ना आम्ही, त्यानंतर चार दिवसांनी."

मग मी विचारलं, "तरी तू सगळ्यांना सांगत होतीस, मी होतो म्हणून वाचले असं?"

"त्यांनीच सांगितलं होतं," आई म्हणाली. "पोराला कुणी बोलायला नको, असंच सांग म्हणाले."

एवढं वाक्य पुरं करायला त्यांना किती वेळ लागला असेल, ते मी तिला विचारलं नाही.